एका दुपारची दोन निशाणं

५ सप्टेंबर १७८१ ला अमेरिकेच्या चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची गाठ पडली. तोफा अडीच तासही चालल्या नाहीत. त्या दुपारी एकही जहाज बुडालं नाही, एकही शत्रूच्या हाती लागलं नाही, आणि अंधार पडल्यावर दोन्ही बाजू आपापली शिडं सांधत बसल्या. कोण जिंकलं असं त्या रात्री कुणाला विचारलं असतं, तर उत्तर मिळालं नसतं. सहा आठवड्यांनी मात्र यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची सगळी फौज शरण आली आणि इंग्लंडच्या हातून अमेरिका गेली.

या दिवसाचा घटनाक्रम मी अनेकदा घड्याळ समोर ठेवल्यासारखा मांडून पाहिला आहे. दर वेळी लक्ष एकाच जागी अडकतं. तोफा कडाडत होत्या त्या तासांत फारसं काही ठरलं नाही. जे ठरलं ते त्याआधीच्या सहा तासांत, एकही तोफ उडत नव्हती तेव्हा. आणि नंतर दोन निशाणांच्या घोळात.

ऑगस्ट

लॉर्ड कॉर्नवॉलिस ऑगस्टच्या सुरुवातीला व्हर्जिनियात यॉर्क नदीच्या काठी येऊन तटबंदी बांधू लागला. सात हजारांवर सैनिक, समोरच्या काठावर ग्लॉस्टरचं छोटं ठाणं, पाठीमागे नदी. ही जागा निवडण्यामागचा हिशोब साधा होता. समुद्र इंग्रजांचा आहे. वेळ आलीच तर आरमार येईल, रसद आणेल, नाहीतर माणसं उचलून नेईल. हे गृहीत धरलं तर जागा उत्तम होती. ते चुकलं तर तो पिंजरा होता.

तिकडे फ्रेंच सेनानी द ग्रास वेस्ट इंडीजमधून ५ ऑगस्टला निघाला. रांगेत उभं राहून लढणारी थोरली जहाजं त्याने एकूणएक बरोबर घेतली, अठ्ठावीस. व्यापारी तांडा बंदरात थांबवून ठेवला. बरोबर सेंट-सिमॉनचे तीन हजारांवर सैनिक आणि हवानात उभी केलेली रोकड. इंग्रजांचा अंदाज असा की फ्रेंच आपलं आरमार विभागतील. काही जहाजं व्यापाऱ्यांच्या राखणीला युरोपकडे जातील, काही अमेरिकेकडे. ते स्वतः असेच वागले होते. त्यांचा वेस्ट इंडीजमधला सेनानी रॉडनी आजारपणामुळे इंग्लंडला परतला आणि जाताना काही जहाजं घेऊन गेला. उरलेली चौदा घेऊन त्याचा दुय्यम सॅम्युएल हूड १० ऑगस्टला अँटिग्वाहून निघाला.

हूड सरळ वाटेने आला, द ग्रास बहामाच्या जुन्या, अडचणीच्या मार्गाने. त्यामुळे मागून निघालेला हूड पुढे पोचला. २५ ऑगस्टला त्याने चेसापीकमध्ये डोकावून पाहिलं. उपसागर रिकामा होता. तो उत्तरेला न्यूयॉर्ककडे गेला आणि चार-पाच दिवसांनी द ग्रासने त्याच पाण्यात नांगर टाकले. एखाद्या घरात चोर आहे का पाहायला जावं, नाही म्हणून परत फिरावं आणि पाठ वळल्यावर चोराने आत शिरावं, तसं झालं.

न्यूयॉर्कला इंग्रज सेनानी थॉमस ग्रेव्ह्ज होता. सेवाज्येष्ठता त्याची, म्हणून सरदारी त्याच्याकडे. त्याची पाचच जहाजं निघायच्या स्थितीत होती. चौदा आणि पाच मिळून एकोणीस जहाजांचा ताफा ३१ ऑगस्टला दक्षिणेकडे निघाला. रोड आयलंडमधल्या न्यूपोर्टहून द बारास हा दुसरा फ्रेंच सेनानी आठ जहाजं आणि वेढ्याच्या अवजड तोफा घेऊन बाहेर पडल्याचं कळलं होतं. त्याला वाटेत गाठावं असा ग्रेव्ह्जचा मनसुबा. द ग्रासकडे किती जहाजं आहेत, याची त्याला कल्पना नव्हती.

५ सप्टेंबर, सकाळी साडेनऊच्या सुमारास

वारा ईशान्येकडून, थोडा उत्तरेला कललेला. आकाश मोकळं. इंग्रज ताफा हा वारा पाठीशी घेऊन नैऋत्येला, उपसागराच्या तोंडाकडे येत होता. शिडांच्या आरमाराला याहून चांगला वारा मागून मिळत नाही. कधी भिडायचं, कुठे भिडायचं, की भिडायचंच नाही, हे ठरवण्याचा अधिकार वाऱ्याच्या बाजूला असणाऱ्याचा.

पुढे टेहळणीवर असलेल्या सोलबे या फ्रिगेटने खूण केली: केप हेन्री या भूशिराच्या आत जहाजं नांगरलेली आहेत. जसजसं जवळ जावं तसतशा डोलकाठ्या वाढत गेल्या. पाच, दहा, मग वीसच्या वर.

फ्रेंचांच्या टेहळ्यालाही साधारण त्याच वेळी क्षितिजावर शिडं दिसली. आपला द बारास आला असावा, असं आधी वाटलं. मग शिडं मोजली गेली आणि तो आनंद मावळला.

फ्रेंच आरमार त्या क्षणी किती उघडं पडलं होतं हे पाहिलं पाहिजे. अठ्ठावीसपैकी चार जहाजं यॉर्क आणि जेम्स नद्यांच्या मुखांवर कॉर्नवॉलिसची कोंडी करत होती. सेंट-सिमॉनच्या सैनिकांना वर नदीत पोचवायला होड्या गेल्या होत्या. पाणी आणि लाकूडफाटा आणायलाही माणसं किनाऱ्यावर होती. नव्वदच्या आसपास अधिकारी आणि अठराशे-एकोणीसशे खलाशी जहाजांवर नव्हतेच. काही जहाजांवर वरच्या मजल्यावरच्या तोफांना माणसं पुरेनात. शिवाय भरतीचं पाणी आत येत होतं आणि वारा तोंडावर होता. बाहेर पडणं शक्य नव्हतं. ओहोटी लागेपर्यंत थांबायचं, एवढंच हाती होतं.

अकरा

ग्रेव्ह्जने खूण चढवली: सगळ्यांनी एकामागोमाग एक अशी रांग धरावी.

रांगेचं प्रकरण इथेच समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडतं. शिडांच्या लढाऊ जहाजाच्या तोफा त्याच्या कुशींत असतात. नाळेकडून आणि मागून ते जवळजवळ असहाय. म्हणून जहाजं एकापाठोपाठ एक उभी करायची. प्रत्येकाची नाळ पुढच्याच्या पाठीमागे झाकली जाते आणि सगळ्या कुशी शत्रूकडे राहतात. वाहती तटबंदीच ती. आपल्या फौजांच्या भाषेत सांगायचं तर पुढे बिनी, मध्ये गोल, मागे चंदावल. त्या सकाळी इंग्रजांच्या बिनीला हूड होता, मध्ये ग्रेव्ह्ज आपल्या ‘लंडन’वर, आणि चंदावलीला फ्रान्सिस ड्रेक.

रांग मोडणाऱ्यावर काय ओढवतं, हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाडीमासी रुजलेलं होतं. १७४४ साली तुलॉंपाशी ॲडमिरल मॅथ्यूज रांग सोडून शत्रूवर धावला. त्याच्या मागचा लेस्टॉक मात्र रांगेची खूण चढलेली आहे म्हणून मागेच राहिला. चौकशीअंती मॅथ्यूज बडतर्फ झाला आणि लेस्टॉक निर्दोष सुटला. १७५६ साली मिनोर्काला ॲडमिरल बिंगने रांग सांभाळत बसण्यात संधी दवडली आणि पुढच्या वर्षी त्याला जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या गेल्या. खुद्द ग्रेव्ह्जवरही १७५७ मध्येच एका शत्रूच्या जहाजाशी न भिडल्याबद्दल खटला होऊन त्याला ताकीद मिळाली होती. रांग मोडावी तर बडतर्फी आणि सांभाळत बसावं तर बंदुकीची गोळी. या दोन टोकांमध्ये वाढलेली ही माणसं होती. त्यांच्या त्या दिवसाच्या वागण्याचा न्याय करताना मी हे विसरू शकत नाही.

साडेबारा

ओहोटी लागली. द ग्रासने नांगर वर ओढण्यात वेळ घालवला नाही. दोर सोडून द्यायचे, जागेची खूण म्हणून पिंपं तरंगत ठेवायची आणि निघायचं. चोवीस जहाजं मिळेल त्या क्रमाने केप हेन्रीला वळसा घालून बाहेर पडू लागली. तोंडावरचा वारा, आणि केप हेन्री व ‘मिडल ग्राउंड’ नावाच्या वाळूच्या पट्ट्यामधली अरुंद वाट. काही जहाजांना एका दमात भूशिर ओलांडता येईना, पुन्हा वळण घेऊन यावं लागलं.

बिनीला प्लुतॉं, मागे मार्सेयवा, ब्यूर्गोन्य, दियादेम, रेफ्लेशी. त्यांच्या पाठी ऑग्युस्त, आणि ऑग्युस्तवर बूगेनव्हिल. हा तोच, ज्याने १७६६ ते १७६९ या काळात जगाची प्रदक्षिणा केली. त्याच्या सफरीतल्या निसर्गशास्त्रज्ञाला ब्राझीलमध्ये एक रंगीत वेल सापडली, आणि त्याच्या नावावरून आज आपल्याकडे गावोगावच्या कुंपणांवर बोगनवेल फुलते. इथून पुढे बोगनवेल पाहताना मला तरी धुराने भरलेलं एक डेक आठवत राहील.

बिनीची ही चार-पाच जहाजं पटकन बाहेर आली. बाकीचा ताफा मागे, विस्कळीत. मधलं अंतर मोठं. व्हिल द पारी हे द ग्रासचं शंभरावर तोफांचं प्रचंड जहाज अजून मागेच होतं.

एक ते दोन

हाच तो तास.

इंग्रजांची एकोणीस जहाजं बांधेसूद, वारा पाठीशी. समोर शत्रू तुकड्या-तुकड्यांनी दारातून बाहेर पडतो आहे, माणसं अपुरी, रांग नाही, आणि वाट एवढी अरुंद की मागच्यांना पुढच्यांच्या मदतीला झटकन येता येणार नाही. संख्येने फ्रेंच जास्त, पण त्या तासापुरती ती जास्ती कागदावर होती. हूडने दुसऱ्या दिवशी टिपण लिहिलं, त्यात पहिला मुद्दा हाच आहे: फ्रेंच बिनी बाहेर पडत असतानाच तिच्यावर पूर्ण ताकदीने तुटून पडायला हवं होतं, आणि त्याला भरपूर वेळ होता.

ग्रेव्ह्ज रांग सरळ करत राहिला. ती पूर्व-पश्चिम अशी आखली गेली आणि वाळूच्या पट्ट्याकडे सरकत गेली. आघाडीची जहाजं उथळ पाण्याच्या जवळ आली, तेव्हा वळण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

दोन वाजून चार मिनिटं

ग्रेव्ह्जने सगळ्या ताफ्याला एकाच वेळी, वारा पाठीवरून घेत उलटं फिरवलं. आता दोन्ही आरमारं पूर्वेला, मोकळ्या समुद्राकडे तोंड करून चालली. पण एकोणीस जहाजांनी जागच्या जागी तोंडं फिरवली की रांगेची टोकं बदलतात. हूडची बिनी झाली चंदावल. ड्रेकची चंदावल झाली बिनी.

हूडचा तांडा ताफ्यातला सर्वांत कसलेला. तो आता शेपटाला गेला. पुढे आलेल्या ड्रेकच्या जहाजांमध्ये ‘टेरिबल’ होतं, आणि ते तर वेस्ट इंडीजहून निघतानाच गळत होतं. पंप मारत मारत ते लढाईत उतरलं.

यानंतर ग्रेव्ह्जने जे केलं ते वाचताना आजही जीव तळमळतो. फ्रेंचांची मधली फळी आपल्या मधल्या फळीसमोर यावी म्हणून त्याने ताफा जवळजवळ थांबवून धरला. समोरचा माणूस अजून पागोटं बांधतो आहे, तर तो तयार होईपर्यंत थांबावं, तसं. द ग्रासला दीड तास मिळाला. त्या दीड तासात विस्कटलेली चोवीस जहाजं रांगेत आली.

त्याच दुपारी, तीनशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला

जॉर्ज वॉशिंग्टन त्या दिवशी फिलाडेल्फियाहून दक्षिणेला निघाला होता. न्यूयॉर्कसमोरून आपली आणि रोशाम्बोची फ्रेंच फौज त्याने गुपचूप काढली होती. इंग्रज सेनापती क्लिंटनला याचा उलगडा व्हायला सप्टेंबर उजाडला. पण फ्रेंच आरमार चेसापीकला आलं आहे की नाही, हे वॉशिंग्टनलाही ठाऊक नव्हतं. ते नसेल तर ही सगळी पायपीट फुकट.

चेस्टरजवळ त्याला घोडेस्वार भेटला: द ग्रास पोचला आहे. रोशाम्बो नदीतून होडीने येत होता. त्याला धक्क्यावर एक उंच माणूस एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात रुमाल फडकवत नाचताना दिसला. जवळ आल्यावर पाहतो तर तो वॉशिंग्टन, ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलताना माणसांनी क्वचित पाहिली होती. त्याने रोशाम्बोला कडकडून मिठी मारली. ज्या आरमाराच्या आगमनाने तो एवढा हरखला होता, ते त्याच दुपारी पणाला लागलेलं आहे, हे त्या धक्क्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

तीन वाजून सतरा, मग तीन वाजून शेहेचाळीस

दोन रांगा समांतर नव्हत्या. इंग्रजांची रांग फ्रेंचांकडे तिरकी येत होती. पुढची टोकं जवळ, मागची दूर. ग्रेव्ह्जने बिनीच्या श्रूजबरीला अडीच वाजता खूण केली होती, आणखी उजवीकडे, शत्रूकडे वळ. तीन सतराला तीच खूण पुन्हा. श्रूजबरी वळलं की मागचं त्याच्या मागे वळणार, त्यामागचं त्याच्यामागे. पण रांग होती तशी तिरकीच राहिली.

तीन शेहेचाळीसला ‘लंडन’वर दोन गोष्टी एकत्र फडकल्या. एक, रांग धरा. दुसरी, शत्रूच्या अंगावर जा आणि जवळून भिडा.

तिरक्या रांगेत या दोन आज्ञा एकाच वेळी पाळता येत नाहीत. पुढच्या जहाजाला भिडायचं तर ते सरळ शत्रूकडे वळेल. मागच्याने रांग धरायची तर त्याने पुढच्याच्या पाठीमागेच राहिलं पाहिजे, म्हणजे शत्रूपासून लांब. आणि इंग्रज आरमारात प्रघात असा की रांगेची खूण वर आहे तोवर ती बाकी सगळ्या खुणांहून मोठी. त्यातून हूड आणि ग्रेव्ह्ज एका ताफ्यात येऊन पुरते सहा दिवसही झाले नव्हते. एक वेस्ट इंडीजच्या सवयीत वाढलेला, दुसरा उत्तर अमेरिकेच्या. एकमेकांच्या मनातलं ओळखण्याइतकी ओळख झालेली नव्हती.

सव्वाचार

बिनीला तोफा सुरू झाल्या.

श्रूजबरीचा कप्तान मार्क रॉबिन्सन याचा पाय तुटला, त्याचा पहिला लेफ्टनंट ठार झाला. त्या एका जहाजावर चौदा मेले, बावन्न जखमी झाले. मागच्या इन्ट्रेपिडवर एकवीस मेले, पस्तीस जखमी. त्याच्या उजव्या कुशीला गोळ्यांची पासष्ट भोकं मोजली गेली. फ्रेंचांकडे रेफ्लेशीचा कप्तान सुरुवातीलाच गेला. दियादेमची अशी चाळण झाली की चार मोठ्या आणि नऊ मध्यम तोफा तेवढ्या चालण्याजोग्या उरल्या. सेंतेस्प्री हे दुसरं फ्रेंच जहाज मध्ये घुसलं म्हणून दियादेम वाचलं. बूगेनव्हिलचं ऑग्युस्त ड्रेकच्या प्रिन्सेसाच्या इतकं जवळ आलं की आता उड्या घालून डेकावर हातघाईची लढाई होणार असं वाटू लागलं. प्रिन्सेसा निसटलं, तेव्हा बूगेनव्हिलने तोफा टेरिबलवर वळवल्या.

तोफांच्या मजल्यावर छप्पर इतकं खाली की उंच माणसाला वाकून उभं राहावं लागे. वाळू टाकलेली, रक्ताने पाय घसरू नये म्हणून. गोळ्याने माणूस मरतो त्याहून जास्त मरतात गोळ्याने उडवलेल्या लाकडाच्या ढलप्यांनी. तेवढ्या वेळात तिथे काय झालं असेल ते आकड्यांतून कळत नाही, म्हणून आकडे मी इथेच थांबवतो. एकच आकडा सोडवत नाही, तो पुढे येईल.

चार अकरा, चार बावीस, चार सत्तावीस

हे तीन क्षण ‘लंडन’च्या रोजनाम्यात आहेत. चार अकराला रांगेची खूण उतरवली, जवळून भिडण्यात तिची अडचण होऊ नये म्हणून. चार बावीसला ती पुन्हा चढवली, जहाजं नीट पसरली नव्हती म्हणून. चार सत्तावीसला पुन्हा उतरवली. भिडा ही निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची खूण वरच.

हूडच्या ‘बार्फ्लर’चा रोजनामा वेगळं सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रांगेची खूण साडेपाचपर्यंत फडकतच होती.

एक तास. एक निशाण काठीवर होतं की नव्हतं, एवढाच वाद, आणि दोन जबाबदार माणसांच्या साक्षी एक तासाने वेगळ्या. धूर दाट होता, मधली जहाजं आणि शिडं आड येत होती, हे खरं. ग्रेव्ह्जच्या डेकावरच्या धांदलीत निशाण उतरवण्याचा हुकूम निघाला आणि ते वेळेवर उतरलं नाही, हेही शक्य आहे. मला यातलं एकही लबाडीचं वाटत नाही. पण हूडबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. रांग धरून उभा असलेला हा माणूस भित्रा नव्हता, मठ्ठ नव्हता; त्या दिवशी दुपारी एकपासून काय करायला हवं होतं, हे त्या सगळ्या ताफ्यात त्याच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. समोर आपली बिनी भाजून निघते आहे हेही दिसत होतं. जवळून भिडण्याची खूण त्यालाही दिसत होती. तरी तो दुसऱ्या खुणेशी एकनिष्ठ राहिला. लेस्टॉक सुटला होता, हे त्याला ठाऊक होतं.

पाच वीस

अखेर हूडची जहाजं फ्रेंचांकडे वळली. तोवर द ग्रासने आपल्या बिनीला जरा खाली सरकायला सांगितलं होतं, आणि वाराही फिरला होता. हूड जवळ येऊ लागला तशी फ्रेंच चंदावल दूर सरकली. लांबून थोडे गोळे उडाले, एवढंच.

आता तो आकडा. इंग्रजांचे नव्वद मेले, दोनशे शेहेचाळीस जखमी झाले. ते सगळे पहिल्या बारा जहाजांवर. अमेरिका, सेंटॉर, मोनार्क, बार्फ्लर, इन्व्हिन्सिबल, बेलिको, आल्फ्रेड या शेवटच्या सात जहाजांवर एकही माणूस मेला नाही, एकही जखमी झाला नाही. एकोणिसातली सात. चोवीसांशी लढायला गेलेल्या ताफ्याने आपला एक तृतीयांशाहून जास्त भाग बघ्यांत उभा केला.

साडेसहा

सूर्य मावळला आणि तोफा थांबल्या. फ्रेंचांचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशे वीसच्या आत. दोन्ही ताफे अंधारात एकमेकांना दिसतील अशा अंतरावर पूर्वेला चालत राहिले. उपसागराचं तोंड मागे पडत होतं, आणि त्यात त्या क्षणी फ्रेंचांची फक्त चार जहाजं होती.

६ सप्टेंबर

सकाळी ग्रेव्ह्जने हूड आणि ड्रेकला ‘लंडन’वर बोलावलं. ग्रेव्ह्जने हूडला विचारलं की काल तुम्ही खाली येऊन भिडला का नाहीत. हूडने उत्तर दिलं की तुमची रांगेची खूण वर होती. ग्रेव्ह्ज ड्रेककडे वळला: मग तुम्ही कसे भिडलात? ड्रेक म्हणाला, भिडण्याची खूण होती म्हणून. यावर तुमचं काय म्हणणं, असं ग्रेव्ह्जने हूडला पुन्हा विचारलं. रांगेची खूण मला पुरेशी होती, असं तो म्हणाला. पुढे पन्नासेक वर्षांनी छापल्या गेलेल्या एका आठवणीत हा संवाद आहे. त्या खोलीतल्या तिघांपैकी एकाचंही म्हणणं खोटं नव्हतं.

त्या दिवशी ग्रेव्ह्जने रांगेच्या खुणेबद्दल लेखी खुलासाही काढला: रांग हे साधन आहे, भिडण्याची आज्ञा आल्यावर तिच्या आड कुणी राहू नये. खुलासा बरोबर होता. एक दिवस उशिरा आला.

७ ते १३ सप्टेंबर

हे दिवस भराभर सांगून टाकण्यासारखे आहेत. दोन्ही आरमारं डोलकाठ्या दुरुस्त करत केप हॅटरसच्या बाजूला, दक्षिणेला वाहत गेली. हूडचा आग्रह होता की द ग्रासच्या आधी उपसागरात शिरून त्याच्या जागेवर आपणच नांगर टाकावेत. जमलं असतं की नाही सांगता येत नाही. पण दार उघडं होतं हे नक्की. ग्रेव्ह्जने मोडक्या जहाजांकडे पाहिलं आणि थांबला.

९ तारखेला द ग्रास दिसेनासा झाला. १० ला द बारास आपली आठ जहाजं आणि वेढ्याच्या तोफा घेऊन कुणाच्या नजरेस न पडता उपसागरात शिरला. ११ ला द ग्रास परतला. आता फ्रेंचांकडे छत्तीस जहाजं होती. फ्रेंचांनी सोडलेल्या नांगरांवरची पिंपं कापायला पाठवलेली आयरिस आणि रिचमंड ही दोन इंग्रज फ्रिगेट आयतीच त्यांच्या तावडीत सापडली. त्याच दिवशी टेरिबलचं पाणी पंपांना आवरेना, तेव्हा इंग्रजांनी आपल्या हाताने त्याला आग लावली. लढाईत बुडालं नाही ते जहाज लढाईनंतर सहाव्या दिवशी असं गेलं.

१३ ला सल्लामसलत झाली आणि ताफा न्यूयॉर्ककडे वळला.

ऑक्टोबर

बाकीचं इतिहासाच्या पुस्तकांत आहे. ९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनवर तोफा सुरू झाल्या, त्यांत द बारासने आणलेल्याही होत्या. १० च्या रात्री नदीत नांगरलेलं शॅरन हे इंग्रजांचं जहाज तापलेल्या गोळ्यांनी पेटलं. पण एक गोष्ट पुस्तकांत अनेकदा एका ओळीत उरकली जाते. इंग्रजांकडे स्वातंत्र्य मिळेल या आशेने हजारो कृष्णवर्णी गुलाम मळे सोडून कॉर्नवॉलिसच्या मागे आले होते. तटबंदी त्यांनीच खणली. अन्न संपू लागलं, देवी पसरली, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांना तटाबाहेर काढलं. दोन सैन्यांच्या मधल्या रानात त्यातली कितीतरी माणसं मेली. आरमार आलं असतं तर त्यांचंही नशीब वेगळं झालं असतं. त्या दुपारच्या दोन निशाणांचा हिशोब मांडताना ही माणसं धरायला हवीत.

१६ च्या रात्री कॉर्नवॉलिसने नदी ओलांडून निसटायचा प्रयत्न केला. वादळाने होड्या उधळल्या. १७ ला सकाळी तटावर एक पोरगेला ढोलकी वाजवणारा आणि पांढरा रुमाल घेतलेला एक अधिकारी दिसला. १९ ला फौज शस्त्रं खाली ठेवायला बाहेर पडली. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आला नाही. पुढे हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके त्याच्या बरोबरीने टिपूविरुद्ध उभे होते. यॉर्कटाउनला ज्याने वेढा सोसला, त्याने तिथे वेढा घातला. इंग्रजांचं १७८१ चं युद्ध आपल्याही उंबऱ्यात चालू होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गॉडर्डची इंग्रज फौज बोरघाटातून माघारी फिरली होती, आणि मराठ्यांशी सालबाईचा तह व्हायला अजून सात महिने होते.

१९ ऑक्टोबरलाच, शरणागतीच्या दिवशी, न्यूयॉर्कहून ग्रेव्ह्ज पुन्हा निघाला. या वेळी पंचवीस जहाजं आणि क्लिंटनचे सात हजार सैनिक. २४ ला तो केप हेन्रीसमोर, जवळजवळ त्याच पाण्यात पोचला. किनाऱ्याकडून एक होडी आली. तिच्यात जळालेल्या शॅरनचा वाटाड्या होता, आणखी काही माणसं होती. त्यांना वर घेतलं, काय चाललं आहे ते विचारलं. ते म्हणाले, १७ तारखेला लॉर्डसाहेबांनी तहाचं बोलणं लावलं होतं.